खारावलेला वाफा आणि गिरजामामी

गिरजामामी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वर्गात शिकवत होते. त्याला आता दीड महिना झाला. वनस्पतिशास्त्र मी मोठमोठ्या प्राध्यापकांकडे शिकले. पण पेशीच्या पडद्यातून पाणी कसं ये-जा करतं, हे मला खरं कळलं ते आंजी गावच्या मळ्यात, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या या मामीमुळे.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी वर्ध्याला इंटर सायन्सला होते आणि सुट्टीत मामांकडे गेले होते. साखरेसारखं दिसणारं पांढरं खत तेव्हा गावात नुकतंच येऊ लागलं होतं. मामा एका लग्नासाठी परगावी निघाले, जाताना बजावून गेले, "वांग्याले खत द्या, पण झाडाले चिमूटभरच." मामी भाजी घेऊन बाजाराला गेली आणि इकडे मी शहाणपणा केला. चिमटीनं काय होणार, म्हणून प्रत्येक झाडाला मूठभर टाकलं आणि वरून पाणी दिलं.

तिसऱ्या दिवशी सगळ्या वाफ्यानं माना टाकल्या. पानांच्या कडा करपलेल्या, माती मात्र ओली. "पाण्यानं मुळं सडली, पाणी बंद करा," शेजारचे शेतकरी म्हणाले. मी रडत रडत मामीजवळ सगळं कबूल केलं. ती रागावली नाही. एक झाड उपटून तिनं मुळं बोटांनी चाचपली. "सडली नाई, सुकली हायेत... ओल्या मातीत काऊन सुकन?"

दुपारी ती काकडीच्या फोडींना मीठ लावून ठेवत होती. ताटलीत पाणी सुटलं, फोडी लुळ्या पडल्या. मामीचा हात थांबला. "पाह्य बेबी," ती मला म्हणाली, "मीठ बाहेर हाय म्हणून आतलं पाणी बाहेर येऊन राह्यलं. मुळायचं बी असंच झालं असन."

पातळ पडद्याच्या ज्या बाजूला क्षार जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं... हे उत्तर मी परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं. समोर झाडं मरत असताना मात्र मला ते आठवलं नव्हतं.

"मग आता?" मी विचारलं.

"मंग काय, खारं धुऊन काढू. उठ!"

दोन दिवस मोट चालली. मामी बैल हाकत होती आणि मी वाफ्यांची खालची तोंडं फोडून पाणी बाहेर काढून देत होते. शेजारी बांधावरून ओरडत होते, पण ती ऐकेल तर ना! त्यानंतरच्या सकाळी कोवळे शेंडे ताठ झाले. थोडी झाडं गेली. बाकीच्यांनी उन्हाळाभर वांगी दिली.

"मामी, याला परासरण म्हणतात," मी सांगितलं.

"म्हणत असन. तू पोरींले शिकवशीन तवा काकडी दाखवजो."

दरवर्षी दाखवत आले.

तेरवीला आंजीला गेले, तेव्हा मामा मळ्यात एकटेच बसले होते. "लय हुशार होती तुही मामी," ते म्हणाले. "एकदाच चुकली. मी लग्नाले गेलतो, तवा मुठीमुठीनं खत टाकलं तिनं. मंग मी तिले खताच्या पोत्याले कधी हात लावू देल्ला नाई. लय चिडवो तिले त्याच्यावरून."

"मामा... ते खत मी टाकलं होतं."

मामा उपरण्यानं तोंड पुसत म्हणाले, "अन् दर साली मले म्हने, 'हो जी, चुकलं माह्यं'..."