मथुराच्या माठातला दगड

मथुराच्या लेकरानं भोकाड पसरलं की आमच्या मजुरायच्या कॅम्पातली झोपड्यांची अख्खी लाईन कान झाकून घेये, अन् ही बाई आपली दारात बसून गालातल्या गालात हासे. तीन पोरं वाढवली तिनं, पर एकालेबी कधी "चूप बस" म्हनलं नाई. बाया बोंबलत, "अवं, घे न त्याले पदराखाली!" घेये, दूधबी पाजे, पर आधी घटकाभर रडू देये. माह्यंबी डोकं फिरे. पर मी तिले कधी टोकलं नाई. कावून, ते मले एकटीलेच ठाऊक.

मी शकुबाई, तिची शेजारीन. लोखंडाच्या कारखान्याची भट्टी नवी नवी पेटली, त्या सालची गोठ. मथुरा भंडाऱ्याकडची, नवरा तेजराम प्लांटात खलासी. आमच्या दोघींच्या झोपड्यांत एकच कुडाची भित. तिच्या पहिल्या दोन खेपा गावाकडेच गेल्या. दोन्ही पोरी, दिवस भरून झालेल्या, गोऱ्यापान. अन् एकीनंबी आवाज केला नाई.

तिसऱ्यांदा दिवस गेले तवा चेहरा पांढराफटक. दोन पावलं चालली की धाप लागे. चोरून चुलीची माती खाये. दिवसाढवळ्या, बसल्या जागी तिचा डोळा लागे. संध्याकाळी भट्टीचा तापलेला मळ बाहेर ओतत, आभाळ कुंकवावानी लाल होये. त्याच्याकडे पाहत पाहत ती सांगे, "शकुबाई, आजबी तेच सपन पडलं. लाल उजेडात एक पोट्टी उभी हाय. तोंड उघडते, पर आवाज येत नाई. मी जवळ गेली की मांगं मांगं सरकते, धुरात जाते."

"डोहाळे असेच असतात वं," मी म्हनो.

शेवटी मी तिले हात धरून दवाखान्यात नेलं. केरळची नर्स होती. तिनं मथुराची पापनी खाली ओढून पायली अन् म्हनली, "अम्मा, खून में लोहा बहुत कम है. मिट्टी मत खाना." गोळ्या देल्ल्या. पालेभाजी, गूळ खायले सांगतलं.

तेजरामनं हे ऐकलं अन् त्याची छाती फुगली. "लोखंड? अवं, आपन तं लोखंडातच काम करून राहिलो!" दुसऱ्या दिवशी वॅगनीतून सांडलेला राजहऱ्याच्या खानीतला लोखंडाचा लाल दगड घिऊन आला, धुतला अन् पान्याच्या माठात टाकला. तीन दिवस दोघंबी ते गंजकं पानी देवाचं तीर्थ समजून पेत होते. मी पायलं अन् कपाळावर हात मारला.

"अरे बावळटा, दगडाच्या पान्यानं रगत होते का? गोळ्या कुठं हायत?"

"त्याबी खाऊन राहिली न ते," तेजराम म्हने. मले खरंच वाटलं.

पंधरा दिवसांनी तांदूळ काढायले मी तिची उतरंड उतरवली, तं तिसऱ्या गाडग्यात साऱ्या गोळ्या. एकबी खाल्ली नव्हती.

"कावून वं मथुरा?"

"सासूनं सांगून पाठवलं," तिनं खाली पाहत म्हनलं, "गोळीनं लेकरू काळं होते."

माह्यं टाळकंच सटकलं. जिभेले काय हाड असते? मी बोलून गेली, "त्या दोघी तं गोऱ्याच होत्या न? रडल्या का?"

मथुरा भितीकडे तोंड करून बसली. मले वाटलं, आपली जीभ हासडून फेकावी. मंग मांगं न पाहताच तिनं हात पुढं केला. मी त्याच्यावर गोळी ठेवली. तिनं गिळली.

त्या दिवसापासून रोज दुपारी मी तिच्या पुढ्यात बसो. गोळी नरड्याखाली गेलेली पायल्याबिगर उठत नव्हती. अंबाडीची भाजी, फुटाण्यासंग गूळ. चुलीची माती सुटली. थंडी सरता सरता तिच्या गालावर जरा रंग आला. सपनातली पोट्टीबी आता मांगं सरकत नाई म्हने, उभी राहते. आवाज मात्र नाईच.

चैतात, भर दुपारी, दवाखान्यात ती मोकळी झाली. मी उशाशी उभी होती. पोट्टी आली, अन् चूप. नर्सनं पाठ चोळली, तळपायावर टिचक्या मारल्या. कायीच नाई. मथुरानं डोळे मिटून घेतले. मी साऱ्या देवायले हाका मारल्या, त्या माठातल्या दगडालेबी. अन् मंग असं भोकाड पसरलं पोट्टीनं, माय वं, बाहेर बसलेला तेजराम उडालाच!

"शकुबाई, काळी हाय का?"

"तव्यावानी."

"रडून राहिली न?"

"रडून राहिली."

मी पोट्टीले उचलून थोपटायले लागली, तसा मथुरानं माहा हात धरला.

"चूप नको करू तिले," ती म्हनली. "रडू दे."