नातेवाईकांनी बाहेर थांबावे

मुलुंडच्या हॉस्पिटलात आमच्या फिजिओथेरपीच्या खोलीत दोन गोष्टी साचायच्या: पावडरचे रिकामे डबे आणि किस्से. डब्यांत हरभरे घालून आम्ही खुळखुळे करायचो. किस्से मात्र तसेच पडून राहिले. म्हटलं, आता तेही वाजवून बघू!

* * *

दारावर लाकडी बोर्ड होता, चांगला हातभर रुंद. ‘नातेवाईकांनी बाहेर थांबावे.’ आई बाहेर, बाळ आत, आणि दोघांचंही भोकाड!

मी मोठ्या डॉक्टरांना म्हटलं, "घरच्यांना आत घेऊन व्यायाम शिकवते."

"ते आपलं काम आहे, त्यांचं नाही."

"सर, बाळ आठवड्यातून अर्धा तास माझ्याकडे असतं. बाकीचा आठवडा कुणाकडे?"

"नियम म्हणजे नियम!"

मी तेव्हा चोवीस वर्षांची, डोकं तापट. दुसऱ्या दिवसापासून बोर्ड बाहेर आणि घरचे आत.

* * *

सातव्या महिन्यात जन्मलेली वंदना सहा महिन्यांची झाली, तरी मान धरत नव्हती. डॉक्टर तिच्या आईला म्हणाले, "फार आशा ठेवू नका." ती बिचारी पॅसेजमध्ये रडत बसली. मला असा संताप आला!

"आशेचं आपण बघू गं. ऊठ, चल आत!"

* * *

वंदनाला पालथं कसं ठेवायचं ते मी दाखवत होते. तिची आजी मालवणची. ती सरळ जमिनीवर बसली, पाय पसरले आणि नातीला नडग्यांवर पालथी घातली.

"अगो बाय, ह्यां तर मी रोज न्हाणीत करतंय!"

मी कॉलेजात इतकी वर्षं घासली, आणि ही बाई आंघोळ घालताना करत होती! मी फक्त समोर डबा वाजवायला सांगितलं, म्हणजे पोरगी बघायला मान उचलेल.

पुढे तिला पालथं ठेवायला उतरती फळी हवी होती. स्टोअरवाले म्हणाले, "अर्ज द्या, तीन महिन्यांनी बघू." मी म्हटलं, "ठेवा तुमची फळी!"

* * *

गिरण्यांचा संप होता, म्हणून वंदनाचा बाप घरीच. मी त्याला सांगितलं होतं, लंगोट बदलताना दर वेळी व्यायाम.

"बाई, दिवसाला बारा लंगोट! गिरणीत एवढी ड्यूटी नव्हती!"

चाळीत एकाने त्याला छेडलं, "काय रे, पोरीला पैलवान करणार काय?"

"हो. पहिला तुलाच चीत करेल!"

* * *

तीन महिन्यांनी मोठे डॉक्टर अचानक राउंडला आले. खोलीत आया, आज्या, एक आत्या, दोन बाप. डॉक्टर लालबुंद.

"दारावरचा बोर्ड कुठे गेला?"

मी जमिनीकडे बोट दाखवलं. बोर्ड उशीला टेकवून तिरका ठेवला होता. बोर्डावर गोधडी, गोधडीवर पालथी वंदना.

"हे काय चाललंय इथे?" डॉक्टर गरजले.

वंदनाने मान उचलली. थरथरली, पण खाली टाकली नाही. डोळे रोखून डॉक्टरांकडे बघत राहिली. तिच्या आईने तोंडावर पदर धरला.

हळूहळू वंदनाची मान कलायला लागली, तशी आजी घाईघाईने म्हणाली,

"डॉक्टर, परत एकदा आरडा बघूया!"