सुनेत्राबाईंचे कांगारू उंदीर

पुण्याची प्राणिशास्त्रातली एम.एस्सी. घेऊन सुनेत्रा टिपणीस लग्नानंतर इंग्लंडला आल्या. नवरा उल्हास हॉस्पिटलात डॉक्टर. सुनेत्राबाईंच्या डिग्रीला मात्र इथे कुणी विचारीना, म्हणून त्यांनी जवळच्या युनिव्हर्सिटीत प्राणी सांभाळण्याची नोकरी धरली.

लॅबमध्ये अॅरिझोनाच्या वाळवंटातले कांगारू उंदीर होते. मागच्या दोन पायांवर टणाटण उड्या मारणारे. जन्मभर पाणी प्यायले नाहीत तरी कोरड्या बियांवर त्यांचं भागतं. त्यांची किडनी हे कसं साधते, ते प्रोफेसरांना शोधायचं होतं. पण पिंजऱ्यात पिल्लंच होईनात; नर-मादी एकत्र सोडले की रक्त निघे.

सुनेत्राबाईंनी वाळवंटावरची पुस्तकं पालथी घातली. तिथे हा प्राणी एकेकटा राहतो, खोल बीळ खणतो, गालांच्या पिशव्यांतून बिया नेऊन पुरून ठेवतो. त्यांनी पिंजरे काढून टाकले, मोठ्या टाक्यांत हातभर वाळू भरली, मध्ये जाळी लावून शेजाऱ्यांना आधी नुसता एकमेकांचा वास घेऊ दिला. दोन वर्षं रोज वहीत टिपत राहिल्या. २००३ साली पहिली पिल्लं झाली.

"पुढच्या खेपेला तुम्हीही अॅरिझोनाला चला," प्रोफेसर म्हणाले. गेला त्यांचा नवा विद्यार्थी. वाळूच्या पद्धतीवर पेपर छापून आला, त्यावरही नावं त्या दोघांचीच.

"सर, ही माझ्या वहीतली वाक्यं आहेत."

"सुनेत्रा, हे टीमवर्क आहे," प्रोफेसर हसून म्हणाले.

२००६मध्ये प्रोजेक्ट बंद झाला. एकतीस उंदीर उरले. सुनेत्राबाईंनी तीन प्राणिसंग्रहालयांना फोन केले. कुणालाच नको होते. घरी नेण्याची परवानगी मिळाली नाही. आता त्यांना मारायचं, आणि त्याचं ट्रेनिंग झालेल्या त्या एकट्याच.

"बाहेरून दुसऱ्या कुणाला बोलवू का?" लॅबच्या मॅनेजरने विचारलं.

"नको. परक्या हाताला घाबरतात ते."

दुपारपर्यंत सगळ्या टाक्या रिकाम्या झाल्या. कॉन्फरन्सला गेलेल्या प्रोफेसरांची ई-मेल आली: 'नेहमीसारखंच चोख काम.'

घरी उल्हास म्हणाले, "अगं, शेवटी उंदीरच ना ते!"

"हो," त्या म्हणाल्या. "आणि मी उंदीर सांभाळणारी बाई. तुम्हीसुद्धा तेच म्हणा."

महिनाअखेर त्यांनी राजीनामा दिला आणि कौन्सिलच्या लायब्ररीत लागल्या. पुढे महाराष्ट्र मंडळाची सेक्रेटरी वीणा घरी आली. "मावशी, मुलांना प्राण्यांबद्दल काहीतरी सांगा ना."

"मला त्यातलं काही कळत नाही गं," सुनेत्राबाई म्हणाल्या, आणि तिच्यासाठी चहा टाकायला उठल्या.