ओळीच्या मध्ये थांबायचं

२०१८ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि कोणाचं ऐकायची मला सवय नव्हती. शाळा दुसरीतच सुटली. पुढे नारपोलीला लूमवर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, मुकादम झालो. तिथे एवढा खडखडाट असतो की माणूस ओरडूनच बोलतो, आणि लूम थांबला की पहिली शिवी मुकादमाची.

आमच्या चर्चमध्ये संसारी माणसांचा एक गट आहे, बेनेडिक्टाइन मठाला जोडलेला. मठात राहायला जायचं नाही. घरदार सांभाळून मठाच्या नियमाने प्रार्थना करायची आणि नम्र राहायचं. प्रार्थना मला जमायची. नम्रतेचं नाव काढलं की बायको पदर तोंडाला लावायची.

त्या वर्षी मी वेदीसमोर कायमचं वचन घेणार होतो. नवा सदरा शिवला, मुलींना जावयांसकट बोलावलं, मटण सांगून ठेवलं. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मठातून सिस्टर आल्या आमची तयारी बघायला. वयाने माझ्या मुलीएवढ्या.

स्तोत्र म्हणताना आम्ही दोन रांगांत समोरासमोर बसतो. एक ओळ या रांगेने म्हणायची, पुढची त्या रांगेने. आमच्या रांगेत माझा आवाज पुढे, बाकीचे मागून धावत. सिस्टर म्हणाल्या, "ओळीच्या मध्ये थांबायचं. एक श्वास. शेजारी कुठे पोचलाय ते ऐकायचं."

सगळे थांबले. मी नाही थांबलो. अख्ख्या चर्चमध्ये माझा एकट्याचा आवाज घुमला. छपरावरची कबुतरंसुद्धा उडाली.

"काका, प्रार्थनेत चुकलं की तिथल्या तिथे गुडघे टेकायचे, असा नियम आहे," सिस्टर म्हणाल्या. "शिक्षा नाही ती."

"माझे गुडघे दुखतात."

समोरच्या रांगेतला रिक्षावाला म्हणाला, "काल तर पत्र्यावर चढला होता, मुकादम!"

सगळे हसले. मी चपला घातल्या. सिस्टर दारापर्यंत आल्या. "सकाळपर्यंत वेळ आहे, काका. नाहीतर वचन पुढच्या वर्षी घेऊ. मटण मात्र उद्याच खाऊन टाका."

तरातरा घरी आलो. बायकोही गटात होती, ती मागून रिक्षाने आली. संध्याकाळी मेणबत्ती लावून आम्ही दोघं रोजच्यासारखे प्रार्थनेला बसलो. रागाच्या भरात मी आणखीच जोरात सुरू केलं. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांबा वो. मी अजून अर्ध्यावर हाय."

"मग जरा लवकर म्हणावं!"

"लग्न झाल्यापासनं अर्ध्यावरच हाय मी. तुमचं आमेन झालं की माझं तिथंच राहतं."

मला हसू आलं, पण दाखवलं नाही. पुन्हा सुरुवात केली आणि ओळीच्या मध्ये दात आवळून थांबलो. शेजारच्या कारखान्याचे लूम चालू होते, तरी तिचा आवाज ऐकू आला. बारीक, पण सुरात. मला वाटायचं, हिला स्तोत्रं येत नाहीत, नुसते ओठ हलवते. सगळी येत होती. एवढी वर्षं मी तिच्या शेजारी बसत होतो आणि तिची प्रार्थना आज ऐकली.

"उद्या लवकर जातो," मी म्हणालो. "कोणी यायच्या आत गुडघे टेकून येतो."

"चुकला सगळ्यांच्या म्होरं, आन् गुडघे कबुतरांच्या म्होरं व्हय?"

मी फुंकर मारून मेणबत्ती विझवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा सदरा घालून चर्चमध्ये गेलो. रांगा भरल्या होत्या, जावईसुद्धा बसले होते. दोन रांगांच्या मधोमध गेलो आणि गुडघे टेकले. टेकले ते टेकलेच, उठता येईना. रिक्षावाला धावत आला, काखेत हात घालून म्हणाला, "उठा मुकादम, लूम बंद पडला!"

"थांब जरा," मी म्हणालो. "एक श्वास होऊ दे."