कुलुपात ठेवलेला वायफाय

बाळांनो, तुमच्याकडे वायफाय नळाच्या पाण्यासारखा घरात असतोच. आमच्या गंगापूर रोडच्या घरात तो आला तेव्हा धाकटी नुकतीच जन्मली होती, आणि तो चालवून दाखवणारे लाइनमन मला अजून आठवतात.

आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. मागच्या खोलीत, पलंगावरून हलायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती. टेलिफोनची जोडणी मात्र पुढच्या खोलीत. तिथून लांब वायर ओढावी तर तिच्यात पाय अडकून मीच पडले असते. धाकटीचं नाव आजोबांनी ठरवलं होतं, पण ते फोनवर सांगायला तयार नव्हते. "आधी तिचं तोंड बघीन, मग नाव उच्चारीन," म्हणाले. बारसं तिकडे, तुमच्या दूरच्या घरी, आठ दिवसांवर आलेलं. तुमचे बाबा दिवाळीत इथे लॅपटॉप ठेवून गेले होते, त्याच्या पडद्यावर आजोबांना पलंगावरूनच तिचं तोंड दिसावं म्हणून मी बिनतारी इंटरनेटसाठी अर्ज केला.

लाइनमन निवृत्तीला आलेले, सुरगाण्याकडचे. उमेदीची वर्षं त्यांनी डोंगरात खांब रोवत आणि तारा ओढत काढली होती. बिनतारी काम त्यांनी पन्नाशीनंतर शिकून घेतलं. खिशातल्या छोट्या वहीत सगळ्या पायऱ्या स्वतःच्या अक्षरात उतरवलेल्या. ती वही बघूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

त्यांनी वायफायची डबी टेलिफोनच्या तारेला जोडली, लॅपटॉपवर आकड्यांचा पत्ता टाकला आणि सेटिंगचं पान उघडलं. "ताई, आता पासवर्ड तुमचा तुम्ही टाका. कंपनीचा ठेवू नका, तो साऱ्या गावाला ठाऊक असतो." एवढं बोलून ते चक्क खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी टाकून झालं म्हणेपर्यंत वळले नाहीत. मागच्या खोलीत लॅपटॉपवर सिग्नलच्या चार दांड्या दिसल्या.

ते गेले आणि दांड्याही गेल्या.

तिसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. चार दांड्या! डबी बंद करून चालू केली, लॅपटॉपचं वायफाय तोडून परत जोडलं, सगळं ठीक. ते फाटकाबाहेर पडून तास झाला नसेल, पुन्हा शून्य. आजोबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "राहू दे. फोटो पाठवतील पोस्टाने."

त्यांचं ते बोलणं मला सहन होईना. मी वहीत रकाने आखले, दर दोन तासांनी किती दांड्या ते लिहू लागले. बारशाच्या आदल्या दिवशी लाइनमन आले तेव्हा वही त्यांच्या हातात दिली. चष्मा वर करून त्यांनी ती पानं दोनदा वाचली.

"मी असलो की चार, मी नसलो की भोपळा. म्हंजी ही डबी माझ्यावर रुसते का काय?" मग एकदम गंभीर झाले. "ताई, मी आलो की तुम्ही पयलं काय करता?"

"दार उघडते. पाणी देते. मग कपाट उघडते."

"उघडता? म्हंजी एरवी बंद असतं?"

"डबी कपाटातच असते ना. तुम्ही येता तेव्हा उघडते, एरवी कुलूप."

आता हसू नका. फोन मिळावा म्हणून वर्षानुवर्षं नंबर लावून बसणारी आमची पिढी. घरात फोन आला तेव्हा त्याच्या तबकडीलाही मी कुलूप घातलं होतं. शिवाय डबीबरोबरची इंग्रजी पुस्तिका मी पहिल्या पानापासून वाचली होती. यंत्र सुरक्षित, कोरड्या जागी ठेवावं असं तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं. पुढच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाहून सुरक्षित जागा आमच्या घरात नव्हती. मागच्या बाजूच्या भोकातून वायरी नीट आत घेतल्या होत्या, डबीवर विणलेला रुमालही घातला होता.

लाइनमन हसले नाहीत. दोन्ही वेळा त्यांनी कपाट उघडंच पाहिलं होतं, कुलूप त्यांना कुठून कळणार; तरी ते म्हणाले, "चूक माझी हाय. रोज कसं ठेवता ते मी इचारलंच नाय. लोखंडातनं ही लहर लय जात नाय, ताई." त्यांनी डबी कपाटाच्या माथ्यावर ठेवली, रुमालाची घडी करून माझ्या हातात दिली आणि लॅपटॉप घेऊन घरभर फिरले. पलंगापाशी आले तेव्हा आजोबांनी विचारलं, "काय निघालं?"

"कपाट, बाबा."

आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले, "चोर काय वायफाय पोत्यात भरून नेणार होते?" पडल्यापासून त्यांनी केलेली ती पहिली थट्टा. मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

बारशाच्या दिवशी लाइनमन न बोलावता आले. मागच्या खोलीत येत नव्हते. "घरचं काम हाय तुमचं," म्हणून पुढच्या खोलीत डबीचे हिरवे दिवे बघत उभे राहिले.

पडद्यावर पाळणा दिसला, धाकटे, तुझी आई दिसली, मग तू. आजोबांनी कोपर टेकून मान उचलली. तेवढ्यात चित्र थबकलं.

"कपाट!" आजोबा ओरडले.

"डबी कपाटावरच हाय, बाबा!" पुढून आवाज आला. "थांबा जरा, तिकडूनच हळू येतंय."

 चित्र हललं, आणि तू एवढी मोठी जांभई दिलीस. आजोबांनी तुझ्याकडे पोटभर पाहून घेतलं आणि मग तुझं नाव उच्चारलं, इतक्या मोठ्याने की पुढच्या खोलीतल्या लाइनमननी ते आमच्याबरोबरच ऐकलं.