चाचांसमोरची कुजबूज

मरणाच्या दारात असलेल्या माणसाच्या पायाशी उभं राहून मी त्याच्या मुलाला हळू आवाजात विचारलं, "आता फार दिवस हातात नाहीत, हे अब्बांना सांगितलंय का?" चाचा पलंगावर टक्क जागे होते. पण ते बहिरे, म्हणून मी निर्धास्त. समाजकार्याचा विद्यार्थी होतो, रुग्णालयात शिकायला आलेला. कुजबुजणं म्हणजे संवेदनशीलता, अशी माझी समजूत होती.

सलीमभाईंनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. "सांगितलेलं नाही, आणि सांगायचंही नाही. कळलं तर अब्बा जेवण सोडतील."

चाचा नारपोलीचे, यंत्रमागांच्या वस्तीतले. आयुष्य लूमच्या खडखडाटात गेलं, कानही त्यातच गेले. स्वतः बोलायचे ते कारखान्यातल्या आवाजात. पोट साफ झालं की नाही, ही बातमी सगळ्या वॉर्डाला थेट त्यांच्याकडूनच मिळायची. नवी चादर आली की तिची कड चिमटीत धरून निकाल देत, "सूत चांगलं हाय, विणणारा झोपला व्हता."

एक सवय मात्र मला खटकायची. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत ते कधी पाहत नसत. नजर हनुवटीच्या आसपास. "चाचा नजर टाळतात, नैराश्य असावं," असं मी मॅडमना ऐटीत सांगितलंही होतं. मॅडम म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांच्या त्या विभागातल्या समाजसेविका, मला शिकवणाऱ्या. त्या नुसतं "हं" म्हणाल्या.

त्या दुपारी चाचांनी ताट परत पाठवलं. संध्याकाळीही. सकाळी नवी चादर घातली, तिला त्यांनी हात लावला नाही. सलीमभाई माझ्याकडे बघत होते आणि मी खिडकीकडे. मग चाचांनी मुलाला चहाला पिटाळलं आणि मला बोटानं जवळ बोलावलं.

"काल तू बोलला ते मी बघितलं," ते म्हणाले. पहिल्यांदाच हळू. "लूम चालू असले की आम्ही तोंडं बघूनच बोलतो. पलीकडचा शिवी देतो, ती पण दिसते."

माझी वाचा बसली. एक दिवस उशिरा, पण बसली.

"मला घरी जायचंय. सलीम नेत न्हाय. त्याला वाटतं, घरी नेलं की मला सगळं समजंल. आता समजलंच हाय. त्याला कोण सांगणार, तू?"

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्यानं जास्तच धडकी भरली. त्यांनी बापलेकांना समोरासमोर बसवलं आणि मला शेजारी स्टुलावर, तोंड न उघडण्याच्या अटीवर. आपल्याला सगळं समजलंय, हे चाचांनीच मुलाला सांगितलं. मग सलीमभाई बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. चाचा त्यांच्या केसांतून हात फिरवत, पुन्हा कारखान्यातल्या आवाजात म्हणाले, "रडतो काय, गाडी बघ."

चाचा घरी गेले. मॅडमबरोबर मी त्यांना बघायला गेलो तेव्हा खाली लूम चालू होते आणि वरच्या खोलीत शेजारच्याचंही ऐकू येत नव्हतं. चाचा चाचींच्या हातून खिमटीचे घास घेत होते. ती आमची शेवटची भेट. मी दारात चपला घालत होतो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघत चाचींना नुसते ओठ हलवून काहीतरी सांगितलं. चाचींनी ओढणी तोंडाला लावली.

"काय म्हणाले?" मी सलीमभाईंच्या कानाशी ओरडलो.

"म्हणतात, पोरगा चांगला आहे. फक्त पेशंटसमोर नेताना मॅडमनी त्याच्या तोंडाला रुमाल बांधावा."