सहीशिवाय लेख नाही

सुंदरी, तुझ्या निरोपाच्या अंकात तुझ्यावर मी लिहायचं ठरलंय. गोडगोड लिहिणं मला जमत नाही, तुला माहीत आहे. यात मी 'वासुकीबाई' म्हणून येते, आणि तिलाही सोडलेलं नाही. वाच.

पंचाण्णव साली तंजावरच्या आपल्या इस्पितळात काँप्युटर आला. त्यावर बसायचं कुणी? वैद्यकीय ग्रंथालय वीस वर्षं सुंदरी चालवत होती, पण नेमणूक कारकुनाची. अधीक्षकांनी सांगून टाकलं, "वैद्यकीय ग्रंथपालाचं प्रमाणपत्र आणा. नाहीतर मद्रासहून माणूस येईल आणि तुम्ही औषधांच्या गोदामात."

परीक्षेची तिला भीती नव्हती. अडलं एका अटीवर: हिने शोधून दिलेल्या लेखांचा उपचारात उपयोग झाला, असं तीन डॉक्टरांनी लिहून द्यायचं.

तोंडी कौतुकाला तोटा नव्हता. सर्जन रघुपतींनी तर हात जोडले. "सुंदरीम्मा, तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं! पण लिहून? लोक म्हणतील, हा पुस्तकवालीला विचारून पोट कापतो."

"विचारताच की!" ती म्हणाली.

सोमवारी ग्रंथालयाच्या दारावर पाटी लागली: सहीशिवाय लेख नाही. सोबत छापील चिठ्ठी. वर रोगाचं नाव, खाली प्रश्न: मागच्या लेखाचा उपयोग झाला का? हो किंवा नाही. सही.

रघुपती दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी पापनाशमच्या एका बाईच्या पोटातली गाठ कसली ते कळेना, तेव्हा मुकाट्याने 'हो' लिहून सही ठोकली. सहा महिन्यांत दोनशे बारा 'हो' जमले. तिने सगळा गठ्ठा दिल्लीला परीक्षकांच्या कमिटीकडे धाडला. प्रमाणपत्राबरोबर परीक्षकांची ओळ आली: तीन पुरले असते.

सुंदरी काँप्युटरवर बसली. मद्रासचा माणूस मद्रासलाच राहिला.

त्या गठ्ठ्यात बायकांच्या वॉर्डाच्या प्रमुख डॉक्टर वासुकीबाईची चिठ्ठी नव्हती. सहा महिने तिने एकही लेख मागितला नाही. कारण साधं होतं. सुंदरीने शोधलेलं एक जुनं संशोधन तिने परिषदेत आपणच शोधून काढल्याचं सांगून मांडलं होतं, टाळ्याही घेतल्या होत्या. सही करायची म्हणजे ते कबूल करायचं.

सुंदरी एका दुपारी तिच्या खोलीत आली. "अक्का, कमिटीला आता काही नको. मलाच हवंय. तो लेख कुणी शोधला, तेवढ्या चार ओळी त्या परिषदेला कळवा."

"तिरुवैयारूहून आले की लगेच."

वासुकीबाई तिरुवैयारूला गेली, चार दिवसांनी परतली, पुढच्या वर्षी निवृत्तही झाली. परिषदेला पत्र काही गेलं नाही.